डाव्या करंगळीचा हंगाम

धान कापणीला आलं की माझी डावी करंगळी दुखते. डॉक्टर म्हणतात, वयाचं आहे. असेलही. पण वर्षभर गप्प असलेलं हे बोट नेमकं दिवाळीनंतर, भंडाऱ्याजवळच्या शहापूरच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बांध्या, म्हणजे धानाची बांध घातलेली शेतं, पिवळ्या पडल्या की ठणकू लागतं. बसच्या खिडकीतून कापलेल्या धानाचा तो ओलसर, किंचित गोड वास आला की मी नकळत करंगळी दुमडते, जणू तिच्याखाली अजून टाइपरायटरची ती जड कळ आहे.

टाइपरायटरवर इंग्रजीचं मोठं अक्षर काढायचं तर डाव्या करंगळीनं एक कळ दाबून धरावी लागे. आमच्या जुन्या यंत्रात उजवीकडची तशी कळ निकामी होती, आणि डावीकडची दाबली की आतला सगळा सांगाडा वर उचलला जाई. शरीरातलं सर्वांत दुबळं बोट, आणि त्याच्याकडे सर्वांत जड काम. आता माझी नात मोबाइलवर भराभर काहीतरी लिहिते आणि वाक्याचं पहिलं अक्षर आपोआप मोठं होतं. मी तिला म्हटलं, "यासाठी माझं बोट झिजलं." ती म्हणाली, "आजी, मग ते मोठं करायचं कोण ठरवायचं?" तिच्या त्या प्रश्नानं मला पुन्हा त्या दवाखान्याच्या व्हरांड्यात नेऊन बसवलं.

सत्तरीचं दशक संपत आलं होतं. आमचं गाव सिहोऱ्याजवळ. घरात पहिली पदवी माझी. वडिलांना सही येत होती, आईला तीही नाही. इंग्रजीची ओळख मला पाचवीत झाली, आणि ती ओळख पुढे बरीच वर्षं दुरूनच नमस्कार करण्यापुरती राहिली. बी. ए. झाल्यावर तुमसरला टाइपिंगचा क्लास केला, परीक्षा पास झाले आणि भंडाऱ्यातल्या एका धर्मादाय दवाखान्यात टायपिस्ट म्हणून लागले. पहिल्या दिवशी वडील सोडायला आले होते. यंत्राकडे बराच वेळ पाहून म्हणाले, "शिवणाच्या मशिनीसारखी आहे बापा. कापडाच्या जागी कागद." आणि मग हलक्या आवाजात, "नीट शिवजो."

दवाखान्याच्या मुख्य डॉक्टरबाई डोळ्यांच्या होत्या. उंच, सावळ्या, बोलणं कमी. त्यांच्या भावानं परदेशातून आणलेला एक टेपरेकॉर्डर त्यांच्याकडे होता. दिवसभर रुग्ण तपासायचे आणि प्रत्येकाची हकिकत त्या टेपवर इंग्रजीत सांगून ठेवायची, अशी त्यांची पद्धत. सकाळी आम्ही दोघी टायपिस्ट ती टेप लावायचो, एक वाक्य ऐकायचं, बटण दाबून थांबवायचं, टाइप करायचं, पुन्हा बटण. टेपमध्ये बाईंच्या आवाजाबरोबर वॉर्डातला पंखा यायचा, कावळे यायचे, कोणाच्या तरी लेकराचं रडणं यायचं. एकदा एका म्हाताऱ्याचं "बाई, च्या घेता का?" असंही आलं होतं आणि मी ते जवळजवळ टाइप करणारच होते.

पण माझी खरी अडचण वेगळीच होती. आवाजाला मोठं अक्षर नसतं. बाई बोलून जायच्या आणि कोणत्या शब्दाला मान द्यायचा, कोणाला साधं ठेवायचं, हे माझ्यावर सोडून द्यायच्या. आपल्या लिपीत हा प्रश्नच नाही. 'क' हा राजाच्या नावातही तेवढाच आणि कोंबडीच्या नावातही तेवढाच. मी त्या समतेत वाढलेली. त्यामुळे इंग्रजीत शिरल्यावर मला वाटलं, जे जे आदराचं, त्याला मोठं अक्षर द्यावं. मी रुग्णाला मोठं अक्षर दिलं. आईला दिलं, डोळ्याला दिलं, शेतकऱ्याला दिलं. तापालाही दिलं, कारण ताप फार मोठा होता.

माझ्या शेजारच्या यंत्रावर सरोज बसायची. तिचे वडील जवाहरनगरच्या कारखान्यात. ती रोज कारखान्याच्या बसनं अर्ध्या वाटेपर्यंत आणि पुढे सायकलनं यायची. केंद्रीय शाळेत शिकलेली, इंग्रजी फाडफाड, मराठीत अर्धी हिंदी. तिनं माझा पहिला कागद पाहिला आणि कपाळावर हात मारला.

"क्या है ये, शशी? हर शब्दाले खुर्चीवर बसवलंस तू! उभं कोणी राहायचंच नाही का?"

"रुग्ण आहे तो. लहान अक्षरानं कसं लिहू?"

"अगं, नाव मोठ्या अक्षरानं लिही ना त्याचं. रुग्ण तर सगळेच आहेत. नाव एकट्याचं आहे."

हे वाक्य तिनं सहज टाकलं आणि डब्यातलं लोणचं चाटत बसली. मला मात्र ते आजपर्यंत पुरलं. तिनंच मला बाकीचं शिकवलं, आणि शिकवताना एकदाही मला कमी लेखलं नाही; टोमणे मारले, ते वेगळं. वाराला मोठं अक्षर, महिन्याला मोठं. पण ऋतूला नाही. हिवाळा लहान, उन्हाळा लहान. औषधाचं मूळ नाव लहान, कंपनीनं ठेवलेलं बाजारातलं नाव मोठं. आजाराला लहान, अगदी जीवघेणा असला तरी. पण एखाद्या माणसानं तो शोधला आणि त्याचं नाव आजाराला लागलं, तर त्या नावापुरतं मोठं.

मी म्हटलं, "म्हणजे कापणीचा हंगाम लहान अक्षरात? आमच्याकडे त्याच्यापेक्षा मोठं काय असते वर्षात?"

"अंग्रेज धान नाही काटत, बहिणा," सरोज म्हणाली.

एकदा मी 'डॉक्टर' आणि 'शेतकरी' हे दोन्ही शब्द मोठ्या अक्षरानं टाइप केले होते. बाईंनी लाल शाईनं दोन्हींवर खूण केली. मी धीर करून विचारलं, "बाई, शेतकरी लहान का?" त्या म्हणाल्या, "मग डॉक्टरही लहान. तो धान पिकवतो, मी डोळे पाहते. कामं आहेत दोन्ही." मोठ्या अक्षरांची त्यांची स्वतःची अशी एकच हौस होती. डावा आणि उजवा हे दोन शब्द त्या अख्खेच्या अख्खे मोठ्या अक्षरांत टाइप करायला लावत, यंत्राच्या रिबनच्या लाल पट्टीनं. "बाकी सगळं चुकलं तर मी सावरून घेईन," त्या म्हणायच्या, "पण ऑपरेशनला एक डोळा सोडून दुसरा उघडला, तर कोण सावरणार?" तेव्हा करंगळी ती कळ दाबून धरायची, शब्द संपेपर्यंत. त्या दुखण्याचा मला अभिमान वाटायचा.

आणि बाईंचा आणखी एक नियम होता, जो मी पुढे दुसऱ्या कुठल्याच दवाखान्यात पाहिला नाही. कागद टाइप झाला की त्यावर लगेच सही होत नसे. ज्याचा कागद, त्याला समोर बसवायचं आणि त्यातली हकिकत त्याच्याच बोलीत वाचून दाखवायची. बाई शेजारी स्टुलावर बसत. त्यानं मान डोलावली की मग सही. इतर डॉक्टर हसायचे. बाई म्हणायच्या, "त्याच्या अंगावरची गोष्ट आहे. ती आपण परक्या भाषेत लिहून कपाटात ठेवतो. एकदा तरी त्याला ऐकवायला नको?"

हे वाचायचं काम माझ्याकडे आलं. सरोज इंग्रजी टाइप करायची विजेसारखी, पण समोर कोणी म्हातारी "मले काहून बसवलं वो अथी?" म्हणाली की ती माझ्याकडे पाहायची. "तू बोल बाबा. मी बोलले तर त्यांना वाटते रेडिओ लागला." म्हणून ती माझी मोठी-लहान अक्षरं तपासायची आणि मी तिचेही कागद वाचून दाखवायची. असा आमचा सौदा.

त्या वर्षी कापणी लागली आणि व्हरांडा भरून गेला. आमच्या भागात कापणी म्हणजे डोळ्यांचा हंगाम. धानाच्या दाण्याला बारीक टोकदार कुसळ असतं. वाकून कापताना, भारे डोक्यावर घेताना, त्यांच्या गंजी, म्हणजे पुंजणं, रचताना ते उडून डोळ्यात जातं. कोणी डोळ्यावर पदर धरून यायचं, कोणी गमछा. अंगाला कापून ठेवलेल्या धानाच्या कडप्यांचा वास, केसांत तूस. दवाखान्याच्या फिनाइलच्या वासावरही तो वास मात करायचा, आणि मला टाइप करता करता घरची बांधी दिसायची.

त्यात एके सकाळी चंद्रभागाबाई आल्या. सिहोऱ्याच्याच बाजूच्या, चाळिशीच्या आतबाहेरच्या. सोबत सून, वच्छला, नवी नवरी म्हणावी अशी. चंद्रभागाबाईंचा उजवा डोळा लहानपणी देवीच्या आजारात गेलेला. आता डावा लाल झाला होता, पाणी गळत होतं, आणि बुबुळावर पांढुरका ठिपका धरला होता. घरात धनी नव्हता. मुलगा गोंदियाला राइस मिलमध्ये. शेत, घर, बैल, सगळं त्या एका डोळ्यावर चाललेलं. तपासून झाल्यावर बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "शशी, हा डोळा गेला तर या बाईला दुसरा नाही." त्यांनी हे इंग्रजीत टेपवरही सांगितलं होतं, पण तिथे ते साध्या वाक्यासारखं ऐकू आलं. समोर बसलेल्या चंद्रभागाबाईंकडे पाहून ऐकलं, तेव्हा ते तसं राहिलं नाही.

डोळ्यात काय गेलं, असं बाईंनी तपासताना पुन्हा पुन्हा विचारलं होतं. चंद्रभागाबाईंचं एकच उत्तर. वाऱ्यानं धूळ गेली. घरी होते. काही घातलं नाही. बाईंना शंका होती, पण त्यांचा तोही एक नियम: रुग्णाचं म्हणणं रुग्णाच्या शब्दांत लिहायचं, आपली शंका वेगळी. मी तसं टाइप केलं. नाव मोठ्या अक्षरानं, धूळ लहान अक्षरानं, डावा लाल रंगात. मग दोघींना समोर बसवलं आणि वाचायला घेतलं.

"चंद्रभागाबाई, या कागदावर लिहिलं आहे का, तुमच्या डाव्या डोऱ्यात वाऱ्यानं धूळ गेली. तवा तुम्ही घरी होत्या, वावरात गेल्या नव्हत्या. डोऱ्याले कोणी हात लावला नाही. घरचं कोणतंच औषध घातलं नाही."

चंद्रभागाबाईंनी पदरानं डोळा टिपला. म्हणाल्या, "असं लिवलं का वो मशिनीनं?"

"हो मावशी."

"तू कोन्या गावची?"

मी गाव सांगितलं.

"धान असन तुमच्या घरी."

"आहे ना. कापणी लागली."

"मंग तुले वाचताना हासू नाही आलं का? या दिवसात घरी कोन बसते वो?"

मला हसू आलं. मला वाटतं, त्यांनाही आलं असतं. पण तेवढ्यात शेजारी वच्छला रडायला लागली. "आत्याबाई, सांगून टाका. माह्या पाया पडते तुमच्या—" तिचं वाक्यही घाबरून उलटंसुलटं झालं होतं. "तुमच्या पाया पडते. सांगून टाका."

"तू चूप बस," चंद्रभागाबाई म्हणाल्या, आणि मग बाईंकडे वळल्या. "सांगतो. पन हिचं नाव नोको लिवजा. गाव म्हणन, सुनेनं सासूचा डोरा घालवला. जलमभर ऐकावं लागन तिले."

"नाव लिहायचं कारणच नाही," बाई म्हणाल्या.

मग ते बाहेर आलं. गावात कोणाच्या डोळ्यात कुसळ गेलं की ते काढायचं काम चंद्रभागाबाईंचं. जिभेच्या टोकानं. पापणी दोन बोटांनी उलटायची, वाकायचं आणि जिभेनं हळूच फिरवून कुसळ उचलायचं. सासूनं त्यांना शिकवलं, सासूला तिच्या सासूनं. कापणीत लोक त्यांच्या बांधावर येऊन उभे राहायचे. पण यंदा कुसळ गेलं ते त्यांच्याच डोळ्यात. आपली जीभ आपल्या डोळ्याला कशी पोचणार? म्हणून धुऱ्यावर, बांधीच्या कडेला बसून त्यांनी सुनेला सांगितलं, तू काढ. तिनं आधी कधी केलं नव्हतं. तरी वाकून जीभ लावली. कुसळ निघालं. पण लाली जाईना, तेव्हा वच्छलानं माहेरून एक ट्यूब आणली, भावाच्या डोळे येण्यातली उरलेली. ती घातली की बरं वाटायचं, म्हणून घालत राहिल्या.

"कुठे आहे ती?" बाईंनी विचारलं. वच्छलानं पदराची गाठ सोडली. चेपलेली, शेपूट गुंडाळलेली ट्यूब. बाईंनी ती उलटसुलट पाहिली आणि आपल्या खिशात टाकली.

मी वाट पाहत होते की आता बाई रागावतील. त्या काळात डॉक्टर रागवायचेच. अडाणीपणा हा शब्द दवाखान्याच्या भिंतींना पाठ होता. बाई स्टूल पुढे सरकवून म्हणाल्या, "जिभेनं काढताना पापणी वरची उलटता का खालची?" चंद्रभागाबाईंनी हातानं करून दाखवलं. बाईंनी लक्ष देऊन पाहिलं. मग वच्छलाला म्हणाल्या, "कुसळ तू पूर्ण काढलंस. आत काही राहिलेलं नाही. ट्यूबचं तुला कोण सांगणार होतं?" आणि दोघींना समजेल असं सांगितलं: धानाच्या कुसळानं जखम झाली की त्यात बुरशी धरते. या ट्यूबनं वरची लाली जाते, दुखणं थांबतं, आणि आतमध्ये बुरशीला रान मोकळं होतं. औषध वेगळं लागेल. "तुम्ही आज बोलल्या नसत्या," बाई म्हणाल्या, "तर मी धुळीचं औषध देत बसले असते."

तो कागद मी बाजूला ठेवला आणि यंत्रात नवा चढवला. या वेळी बाईंनी टेप न घेता समोर उभं राहून सांगितलं. धुळीच्या जागी धानाचं कुसळ आलं. ते घरी काढलं गेलं, असं आलं. कोणी काढलं ते आलं नाही. मी पुन्हा वाचून दाखवलं. चंद्रभागाबाईंनी मान डोलावली, वच्छलानंही. मग सही झाली.

औषध नागपूरहून मागवावं लागलं. ते येईपर्यंत आणि आल्यावरही बरेच दिवस कोणालाच काही सांगता येत नव्हतं. ठिपका वाढत नव्हता, एवढंच. चंद्रभागाबाई वॉर्डाच्या कोपऱ्यातल्या खाटेवर डोळ्यावर पट्टी बांधून बसायच्या आणि वच्छला त्यांच्या हातात घास द्यायची. जाता येता मला हाक यायची, "सिहोऱ्याची पोरगी, कापणी कोठवर आली वो?" मी बसमधून पाहिलेलं सांगायची. अमक्या गावच्या बांध्या मोकळ्या झाल्या, तमक्या गावी पुंजणी लागली. त्या ऐकत राहायच्या. एकदा म्हणाल्या, "पायाच्या बोटाले समजते मले, धान उभं आहे का पडलं. पन काटावं कसं? इरा त डोऱ्यानंच चालते न." आमच्याकडे विळ्याला इरा म्हणतात. त्यांचा इरा घरी आढ्याला खोचलेला होता, आणि त्यांचं धान शेजाऱ्यांनी कापून दिलं होतं. त्यांना आनंद झाला होता आणि दुःखही, हे मला तेव्हा कळलं नाही. आता कळतं. आपलं काम दुसऱ्यानं प्रेमानं करून टाकलं तरी हात रिकामाच राहतो.

आज मागे वळून पाहताना वाटतं, त्या दवाखान्यात मला व्याकरण शिकवलं ते असं. सरोजनं सांगितलं, मोठं अक्षर कोणाला द्यायचं. बाईंनी दाखवलं की ते दिल्यावर त्या माणसाचं ऐकूनही घ्यायचं असतं. पुढे मी मोठ्या दवाखान्यांत काम केलं, संगणक शिकले, इंग्रजी सुधारलं. स्वच्छ, बिनचूक टाइप केलेले ढीगभर कागद माझ्या हाताखालून गेले. पण त्यातला एकही कागद कोणी कोणाला वाचून दाखवला नाही. चूक नसलेला कागद आणि खरा कागद यांत अंतर असतं, हे मला माहीत होतं म्हणून मी अधूनमधून उठून खाटेपाशी जायची आणि हळूच विचारायची, "काका, असं असं लिहिलं आहे. बरोबर आहे न?" बहुतेक वेळा बरोबरच असायचं.

संक्रांत होऊन गेली होती. बांध्यांत आता लाखोरीच्या डाळीचं पीक उभं होतं, आणि चंद्रभागाबाईंना तपासणीसाठी बोलावलं होतं. पट्टी निघून बरेच दिवस झाले होते. बुबुळावर कडेला एक पांढरा डाग राहिला होता. तो जाणार नव्हता. मधलं किती दिसतं, ते पाहायचं होतं. अक्षरओळख नसल्यानं दूरचा अक्षरांचा तक्ता त्यांच्या उपयोगाचा नव्हता, म्हणून बाईंनी बोटं दाखवली. त्यांनी बरोबर सांगितली. जवळचं पाहायला बाईंनी माझ्या यंत्रातला कागदच मागितला. तो चंद्रभागाबाईंचाच होता, नुकता टाइप केलेला. आम्ही व्हरांड्यात उन्हात आलो. सरोजही काम सोडून दारात येऊन उभी राहिली.

चंद्रभागाबाईंनी कागद हाताच्या अंतरावर धरला. जवळ आणला. पुन्हा लांब नेला. वच्छला शेजारी उभी.

"काही दिसते का?" बाईंनी विचारलं.

"मुंग्या दिसते," त्या म्हणाल्या. "मुंग्यांची रांग."

बाईंचा चेहरा हलला नाही. "आणखी?"

चंद्रभागाबाईंनी मान तिरकी केली आणि बोट कागदावर टेकवलं. जिथे त्यांचं नाव सुरू होत होतं, बरोबर तिथे. इंग्रजीत त्यांच्या नावाचं पहिलं अक्षर अर्ध्या चंद्रासारखं, एका बाजूनं उघडं. माझ्या करंगळीनं दाबून काढलेलं मोठं अक्षर.

"हे पाह्य," त्या वच्छलाला म्हणाल्या, "मुंग्यांच्या म्होरं इरा ठेवला कोनीतरी."